पहिली इंटर्नशिप: तालुक्याच्या कॉलेजातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या स्टाफरूमच्या दारात मुलं घुटमळायला लागतात. हातात ओजेटीचा, म्हणजे पदवीतल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचा, कोरा फॉर्म आणि तोंडी एकच वाक्य, "मॅडम, कुठंतरी लावून द्या ना." मी बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवते. कॉलेज ऊसपट्ट्यातलं, तालुक्याच्या ठिकाणचं. ओजेटी आणि प्लेसमेंटचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. दारातल्या मुलांना मी बसायला खुर्ची देते आणि जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. लावून दिलेल्या जागेवर मूल जातं, सही-शिक्का घेऊन परत येतं. स्वतः विचारून मिळवलेल्या जागेवर मात्र ते टिकून राहतं, प्रश्न विचारतं, काम शिकतं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी कुणालाच थेट लावून देत नाही. कसं विचारायचं ते मात्र हवं तितक्या वेळा सांगते.

आधी शब्द वेगळे करून घ्या

ओजेटी, इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप हे तीन शब्द मुलं सरमिसळ वापरतात आणि त्यात एखाद्याचं वर्ष वाया जातं.

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या अभ्यासक्रमात ते पदवीचाच भाग आहे. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटचं ओजेटी १२० तासांचं. रोज चार तास दिले तर साधारण महिनाभराचं काम. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक आणि कॉलेजचा फॉर्म आधी नीट वाचा. कुठल्या सत्रात करायचं आणि अहवाल कधी द्यायचा हे त्यात असतं.

इंटर्नशिप तुम्ही आपणहून सुट्टीत किंवा कॉलेज सांभाळून करता. पैसे मिळतील किंवा नाही, ते समोरच्याशी बोलून ठरतं.

अप्रेंटिसशिपला १९६१ च्या कायद्याचा आधार आहे. तिथे करार होतो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये ठरवून दिले. 'नॅट्स' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करून ती मिळते, आणि या किमान रकमेचा निम्मा वाटा सरकार उचलतं. लहान कारखानदारांपैकी अनेकांना हे ठाऊक नसतं. "साहेब, निम्मे पैसे सरकार देतं," हे तुम्हीच त्यांना सांगू शकता, आणि तिथून बोलणं पुढे सरकतं.

आता दोन योजनांविषयी, कारण त्यांच्या बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, दोन्ही २०२४ मध्ये सुरू झाल्या. पहिलीत सुरुवातीला मोठ्या कंपन्यांत बारा महिने काम आणि दरमहा ५,००० रुपये असं ठरलं. सुरुवातीची वयाची अट २१ ते २४. दुसरीत बारावी पास असलेल्याला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. दोन्ही योजना नियमित कॉलेजात शिकत असलेल्यांसाठी नाहीत. दरवर्षी दुसऱ्या वर्षाची काही मुलं सायबर कॅफेत पैसे घालवून या योजनांचे अर्ज भरतात आणि नाकारली जातात. या वाटा निकाल हातात आल्यानंतरच्या. अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशीच पोर्टलवर पुन्हा वाचा.

वहीत पंचवीस नावं लिहा

मोबाईल बाजूला ठेवून एक वही घ्या. तुमच्या गावापासून एसटीने तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी काय काय चालतं, ते लिहायला बसा. मुलं पहिल्यांदा तीन-चार नावं लिहून थांबतात. मग मी विचारते, तुमच्या घरचं दूध कुठं जातं? ऊस कुठल्या कारखान्याला? खतं-औषधं कुणाकडून येतात? वडिलांचं रिटर्न कोण भरतं? बघता बघता पान भरतं.

विज्ञानाच्या मुलांसाठी साखर कारखान्याची प्रयोगशाळा, दूध संघाची लॅब, मातीपरीक्षण केंद्र, पॅथॉलॉजी लॅब, पाणीपुरवठा योजनेचं शुद्धीकरण केंद्र, टिश्यू कल्चरवाले, फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, सातपूर, वाळूज, चाकण, बुटीबोरी, तुमच्या जवळची जी एमआयडीसी असेल तिथे उद्योजकांची असोसिएशन असते. तिच्या ऑफिसात जाऊन सभासदांची यादी दाखवायची विनंती करा. एकाच जागी शंभर पत्ते मिळतात.

कॉमर्सची मुलं सगळी बँकेकडे धावतात. बँकेत बाहेरच्या मुलाला खात्यांना हात लावू देत नाहीत, त्यामुळे महिनाभर फॉर्म भरून देण्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. त्यापेक्षा तालुक्यातल्या कर सल्लागाराकडे जा. तिथे खरी बिलं, खरी खाती, खऱ्या चुका बघायला मिळतात. सीए करायचं मनात असेल तर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, हे लक्षात ठेवून आखणी करा.

लॉच्या मुलांना इंटर्नशिप चुकत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे ती करावीच लागते, आणि एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरली जात नाही. तालुका न्यायालयातला ज्येष्ठ वकील, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, मग पुढे मुंबई उच्च न्यायालय किंवा त्याचं नागपूर, औरंगाबाद खंडपीठ, अशी चढण ठेवा.

बीएच्या मुलांना वाटतं आपल्यासाठी काहीच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या कागदपत्रांची मोडी लिपी शिकून घ्यावी. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे तिचे वर्ग होतात. मोडी वाचता येणारं मूल पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात गेलं, तर ते काहीतरी हातात घेऊन गेलेलं असतं. मराठीच्या मुलांसाठी स्थानिक वर्तमानपत्राचं कार्यालय, प्रकाशकाकडचं मुद्रितशोधन, अनुवादाची कामं आहेत. समाजशास्त्र-भूगोलवाल्यांनी आपल्या भागातल्या पाणलोटाचं, शेतीचं काम करणाऱ्या संस्था बघाव्यात. उरुळी कांचनची बायफ किंवा पाबळचा विज्ञान आश्रम यांसारख्या ठिकाणी गावाकडच्या मुलाला बुजल्यासारखं होत नाही.

कॉम्प्युटरच्या मुलांना मी एकच आग्रह करते: एका खऱ्या माणसाची एक खरी अडचण सोडवा. गल्लीतल्या दूध संकलन केंद्रावर दहा दिवसांचं बिल वहीत हाताने होत असेल, तर ते करून देणारं लहानसं अॅप बनवा, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा आणि केंद्रचालकाला महिनाभर वापरायला द्या. मुलाखतीत हेच बोलता येतं. हात बसला की गुगलच्या समर ऑफ कोडसारख्या, खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायच्या ठिकाणी अर्ज करता येतो. २००५ पासून चालणारा हा उपक्रम २०२२ पासून विद्यार्थ्यांबरोबर नवशिक्यांनाही खुला आहे.

सीव्हीत काय लिहायचं

इथे मी एका मुलीचं उदाहरण देते. तिने माझ्याकडे आणलेल्या पहिल्या सीव्हीत लिहिलं होतं: हार्डवर्किंग, पंक्च्युअल, क्विक लर्नर. वर्गातल्या चाळीस जणांच्या सीव्हीत तेच होतं, एकाच नमुन्यावरून उतरवलेलं.

तिला गळीत हंगामात एका कारखान्याच्या लॅबमध्ये ओजेटी मिळालं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जाऊन उपयोग नाही, हे ऊसपट्ट्यातल्या मुलांनी ध्यानात ठेवावं. लॅबमध्ये तिचं काम ठरलेलं: रसाचा नमुना आणायचा, उंच भांड्यात ओतायचा, फेस बसू द्यायचा, हायड्रोमीटर सोडून ब्रिक्स (रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांची टक्केवारी) घ्यायचा, तापमान बघून आकडा दुरुस्त करायचा. मग रसात लेड सबअॅसिटेट घालून गाळायचं, नितळ द्रव २०० मिलिमीटरच्या नळीत भरायचा आणि पोलरीमीटरवर पोल (रसातल्या साखरेची टक्केवारी) वाचायचा. ब्रिक्स १८ आणि पोल १५ आला तर शुद्धता, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांत साखर किती टक्के, ८३.३. दिवसभर हेच. पहिल्या आठवड्यात ती वैतागून मला म्हणाली, "मॅडम, रोज तेच तेच आहे."

मी तिला म्हटलं, आकड्यांशेजारी एक रकाना वाढव, आणि त्यात ऊस कधी तोडलेला होता ते लिही. शिफ्ट केमिस्टांची परवानगी घेऊन ती यार्डात जाऊ लागली, ट्रॅक्टरवाल्यांना विचारू लागली. तीन आठवड्यांत तिच्या वहीत स्पष्ट दिसायला लागलं की नंबर लागायची वाट बघत थांबलेल्या गाड्यांतला ऊस गव्हाणीत (ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर) पडला की शुद्धता उतरते. लॅबमधल्या लोकांना यात नवीन काही नव्हतं, शिळ्या उसातली साखर मोडते हे ते जाणून आहेत. पण तिने ते स्वतः मोजलं होतं.

तिच्या सीव्हीतल्या त्या तीन शब्दांच्या जागी हे आलं: "साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत १२० तास. रोज आठ ते दहा रस-नमुन्यांचे ब्रिक्स, पोल आणि शुद्धता काढली. तोडणीनंतर थांबलेल्या उसाचा शुद्धतेवरील परिणाम तीन आठवडे नोंदवला." पुढच्या वर्षी शिरवळच्या एका कंपनीत क्वालिटी विभागाच्या मुलाखतीत तिला पाऊण तास फक्त या तीन ओळींवर विचारलं, आणि तिला सगळं सांगता आलं.

अजून कुठे कामच केलं नसेल तर? मग प्रॅक्टिकल, प्रकल्प, घरचं काम लिहा, पण असंच, मोजून. "वडिलांच्या किराणा दुकानाचा दोन वर्षांचा उधारीचा हिशोब एक्सेलमध्ये आणला" ही ओळ मला कुठल्याही ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते. सीव्ही एका पानाचा, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव दिलेला. ई-मेल पत्ता नाव-आडनावाचा असावा.

विचारायचं कसं

फॉरवर्ड केलेला लांबलचक अर्ज कुणी वाचत नाही. मी मुलांना चार गोष्टी लिहायला लावते: मी कोण, तुमच्याविषयी मला काय माहीत आहे, मी नेमकं काय करू शकते, आणि किती दिवसांसाठी. नमुना असा:

"नमस्कार साहेब. मी बीएस्सी तिसऱ्या वर्षाला, केमिस्ट्रीची विद्यार्थिनी. आपल्या संघाचं शीतकरण केंद्र आमच्या गावात आहे, घरचं दूध तिथेच जातं. फॅट, एसएनएफ आणि भेसळीच्या प्राथमिक चाचण्या मी कॉलेजच्या लॅबमध्ये केल्या आहेत. ५ जानेवारीपासून महिनाभर रोज सकाळी चार तास आपल्या लॅबमध्ये शिकायला येऊ शकते. कॉलेजचं पत्र सोबत जोडलं आहे. भेटायला कधी येऊ?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. "संधी द्यावी ही नम्र विनंती" असं लिहिलं की समोरचा 'बघू' म्हणून मोकळा होतो. भेटीची वेळ विचारली की त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. मोठ्या कंपनीला हेच इंग्रजीत, ई-मेलने पाठवा. लिंक्डइनवर तुमच्याच कॉलेजचे जुने विद्यार्थी शोधा आणि त्यांना नोकरी न मागता दहा मिनिटं मागा: तुम्ही तिथे कसे पोचलात, एवढंच विचारा. आपल्या कॉलेजचं नाव वाचून माणूस सहसा उत्तर देतो.

उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदा आठवण करा, आणखी आठ दिवसांनी प्रत्यक्ष जा. पंचवीस नावांपैकी वीस जणांनी काहीच कळवलं नाही तरी खचू नका. माणसं कामात असतात.

जायची वेळही बघून जा. कर सल्लागाराच्या ऑफिसात दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास पाऊल टाकू नका. त्या जीएसटी रिटर्न भरायच्या तारखा आहेत, तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. २२ तारखेनंतर जा. कारखान्यात शिफ्ट बदलताना जाऊ नका. दवाखान्याच्या लॅबमध्ये सकाळी नमुने घेण्याच्या गर्दीत नको, दुपारी जा. गेटवर वॉचमन काकांशी नीट बोला, नाव-गाव सांगा, कुणाला भेटायचं ते कागदावर लिहून दाखवा. आत सोडायचं की नाही ते त्यांच्या हातात असतं.

पैसे, आणि फसवणूक

स्टायपेंडविषयी विचारायला लाजू नका. "साहेब, येण्या-जाण्याचा खर्च मिळेल का?" असं सरळ विचारा. एका महिन्याचं ओजेटी फुकट करायला हरकत नाही, कारण तिथे तुम्हाला शिकवण्यात त्यांचाही वेळ जातो. पण पगारी माणसाचं पूर्ण काम सहा महिने फुकट करून घेणारी जागा सोडा. मुलींनी प्रवासखर्च मांडताना मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, हे धरून हिशोब करावा. लांबची एखादी चांगली जागा त्यामुळे परवडते.

उलट तुमच्याकडेच पैसे मागितले तर तिथून परत फिरा. रजिस्ट्रेशन फी, सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं कुरिअर, नाव काहीही असो. आमच्या एका विद्यार्थ्याने घरी बसून इंटर्नशिप म्हणून १,८०० रुपये भरले. ऑफर लेटरवर शिक्का होता, सही होती, कंपनीच जागेवर नव्हती. ते पैसे त्याच्या आईने भिशीतून दिले होते. त्याने मला तीन महिने सांगितलं नाही, लाजेने. अशा वेळी लाज बाळगू नका: पैसे गेल्याबरोबर १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि घरच्यांना सांगा.

डेटा एंट्रीचा एक प्रकार तर फार वाईट आहे. काम दिलं जातं, मग "अचूकता कमी पडली, करार मोडला" म्हणून वकिलाची नोटीस आल्यासारखा कागद पाठवतात आणि दंड मागतात. घाबरून पैसे भरू नका, तो कागद घेऊन आधी आमच्यासारख्या कुणाकडे तरी या. कंपनी खरी आहे का हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात द्यायची नाही, झेरॉक्सवर "फक्त इंटर्नशिपसाठी" असं आडवं लिहून तारीख घाला.

मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

जागा मिळते आणि घरून नाही म्हणतात, असं दर वर्षी होतं. मी आई-वडिलांना दोष देत नाही. त्यांना आधी ती जागा दाखवा. पहिल्या दिवशी वडिलांना किंवा भावाला सोबत न्या, तिथल्या एखाद्या ताईंशी बोलणं करून द्या, परतीच्या गाडीची वेळ सांगा. अनेक घरांत एवढ्याने होकार मिळतो.

आणि हे माहीत असू द्या: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. काही खटकलं तर १२० तास पूर्ण व्हायची वाट बघू नका. तास दुसरीकडे भरून काढता येतात, त्याची व्यवस्था करणं आमचं काम आहे.

लांबच्या संधी, ज्यांचा अर्ज आधी भरावा लागतो

उन्हाळ्यातल्या संशोधन फेलोशिपची चौकशी मुलं एप्रिलमध्ये करतात, तोवर वेळ निघून गेलेली असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची समर रिसर्च फेलोशिप इतर दोन विज्ञान अकादमींच्या साथीने चालते. तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास मागवतात, काम मात्र पुढच्या उन्हाळ्यात दोन महिने. प्रवेश परीक्षा नाही; एक छोटं टिपण आणि एका शिक्षकांची शिफारस लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या विद्यार्थी कार्यक्रमासाठी जानेवारीत डोळा ठेवा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा सुट्टीतला कार्यक्रम आहे, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा 'नियस' कार्यक्रम आहे. पात्रता प्रत्येकाची वेगळी, कुठे वर्ष, कुठे गुण. तालुक्याच्या कॉलेजाचं नाव बघून तुमचा अर्ज बाजूला टाकतील ही भीती मनातून काढा. शिफारसपत्रासाठी मात्र सरांकडे किंवा मॅडमकडे शेवटच्या दिवशी जाऊ नका. पंधरा दिवस आधी, आपलं टिपण आणि गुणपत्रिका घेऊन या. तुम्हाला ओळखून लिहिलेलं पत्र आणि घाईत लिहिलेलं पत्र यातला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

काम सुरू झाल्यावर

रोज घरी जाताना बसमध्ये पाच ओळी लिहा: आज काय केलं, काय चुकलं, कुणाला काय विचारायचं राहिलं. ओजेटीचा अहवाल यातूनच तयार होतो. शेवटच्या रात्री नेटवरून उतरवलेला अहवाल मला दुसऱ्या पानावर ओळखू येतो. चूक झाली तर लगेच सांगा. चुकीचा आकडा रजिस्टरमध्ये खोडून लिहू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. प्रयोगशाळेत याला फार किंमत असते.

पहिले चार-पाच दिवस कुणी लक्ष देणार नाही, झेरॉक्स काढायला सांगतील. काढा. सहाव्या दिवशी म्हणा, "सर, हे काम मी बघून शिकले, उद्या मी करून बघू का?" 

शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या दिवशी नव्हे, प्रमाणपत्राचं बोला. लेटरहेडवर तुमचं पूर्ण नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण तास, कोणतं काम केलं आणि सही करणाऱ्याचं नाव-पद, एवढं हवंच. मसुदा तुम्हीच लिहून न्या, त्यांचं काम सोपं होतं. पुढे संदर्भासाठी तुमचं नाव आणि नंबर देऊ का, हे त्यांना तोंडी विचारून घ्या. प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स काढा, एक कॉलेजच्या ऑफिसात जमा करून पोच घ्या. आणि तिथून निघण्याआधी विचारा, पुढच्या वर्षी माझ्या ज्युनियरला पाठवलं तर चालेल का. हो म्हणाले तर त्यांचं नाव आणि भेटायची योग्य वेळ लिहून माझ्या टेबलावर आणून द्या. दिवाळीनंतर दारात कुणीतरी उभं असणारच आहे.